योग्य तो पृष्ठभाग

सरकारी चपराशाच्या छातीवरचा बिल्ला पितळेचा असावा की प्लास्टिकचा, या प्रश्नाचा निकाल मुंबईस लागला तेव्हा जालन्यात कोणालाच त्याचे काही वाटले नाही. सन एकोणीसशे अठ्ठावन्नचा उन्हाळा होता, आणि उन्हाळ्यात जालन्याला कशाचेच काही वाटत नसते.

निकालामागे कारणे होती. पितळी बिल्ले निजामाच्या अमदानीतले होते. राज्य गेले, मग राज्याचे नाव गेले, मग जे काही उरले ते दुसऱ्या राज्यात गेले. बिल्ले मात्र होते तिथेच, म्हणजे छातीवर, राहिले. शिवाय पितळ रोज घासावे लागते. किरकोळ साहित्य कचेरीचा चपराशी कडूबा आपला बिल्ला चिंच आणि राख लावून इतक्या निष्ठेने घासत आला होता की त्यावरची उर्दू अक्षरे केव्हाच झिजून गेली होती, आणि कडूबा कोणत्या खात्याचा हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नसे. दोनदा त्याला गुरांच्या दवाखान्यातले लोक आपला समजून घेऊन गेले. दुसऱ्या खेपेला तर त्याला तिथे बढती मिळता मिळता राहिली.

तेव्हा परिपत्रक आले. बिल्ला प्लास्टिकचा असावा. आकार गोल असावा. पृष्ठभाग योग्य तो असावा.

पहिल्या दोन वाक्यांची कोणाला अडचण नव्हती. तिसऱ्या वाक्याने कचेरीचे कामकाज ठप्प झाले. म्हणजे ते ठप्प असते हे त्या दिवशी प्रथम लक्षात आले.

कचेरीचे प्रमुख गजाननराव अंबडकर हे अत्यंत अनुभवी अधिकारी होते. पुढेमागे कोणी विचारील अशा कोणत्याही बाबतीत त्यांनी आजवर मत दिलेले नव्हते. त्यांच्यापुढे मिसला, म्हणजे फायली, ठेवण्याचे काम पेशकार जगन्नाथपंत करीत आणि ठेवलेल्या मिसला उचलण्याचे कामही तेच करीत. मधल्या वेळात मिसलीचे काय होई, हे साहेबांनाच ठाऊक.

"पंत, 'योग्य तो' म्हणजे कोणता हो?" साहेबांनी विचारले.

"जो घेतल्यावर वरून विचारणा होत नाही तो, साहेब."

"आणि तो कोणता?"

"ते घेतल्यावरच कळतं."

साहेबांनी परिपत्रक उलटे करून पाहिले. मागची बाजू कोरी होती. तोही एक पृष्ठभागच होता, पण त्यावरून काही उलगडा होईना.

आता प्लास्टिकचा बिल्ला करील असा माणूस जालन्यात एकच होता. त्याचे नाव भुजंग. मूळचा वाटूरचा, घरचा बागायतदार. मुंबईला कोणाच्या तरी लग्नाला म्हणून गेला आणि तिथे एका कारखान्यात त्याने हाताने चालवायचे एक यंत्र पाहिले. वर प्लास्टिकचे दाणे टाकायचे, ते पातळ होईतो तापू द्यायचे, दांडा ओढायचा. तो रस खाली पोलादी साच्यात शिरतो. साचा उघडायचा आणि फणी काढून घ्यायची. पेरणीपासून कापणीपर्यंत सगळे अर्ध्या मिनिटात, आणि पावसाचा काही संबंध नाही! भुजंगाला वेड लागायचेच बाकी राहिले. तो लग्न लागायच्या आतच परतला, आणि महिन्याभरात ते यंत्र जालन्याला, जुन्या जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये येऊन उभे राहिले. सोबत त्याची बायको उषाबाई.

थोरला भाऊ धर्मराज याला हे मुळीच मंजूर नव्हते. त्याने निकाल दिला, "दिवाळीपस्तोर एक तरी सरकारी काम पार पाडून दाखव. न्हाई जमलं तर मशीन भंगारात अन् तू वखरावर. बिलकुल कटकट करायची न्हाई." भुजंगाने हो म्हटले. त्याला फण्यांचे गिऱ्हाईक होते. पण फण्या हे काम आहे असे धर्मराजाला कोणी पटवू शकत नव्हते, कारण त्याला टक्कल होते. दर बाजाराला वाटूरहून निरोप येई : "तुझा तांबडा बैल तुझी लई याद करून राह्यला."

तो बैल मारका होता. निरोप आला की भुजंगाच्या पाठीतून कळ जाई.

अशा वेळी कडूबा शेडच्या दारात येऊन म्हणाला, "भुजंगराव, साहेबांनी याद केलंय. पृष्ठभाग घेऊन या म्हन्ले."

"कुणाचा?"

"ते न्हाई सांगितलं."

भुजंग धावतच कचेरीत गेला. तिथे त्याने साहेबांना पृष्ठभागाची सगळी विद्या एका दमात सांगून टाकली. "साहेब, चमक बिल्ल्यात नसती, साच्यात असती. साचा आरशावानी घासला की माल आरसा. साच्यावर काचकागद फिरवला की माल खरखरीत. साच्याला जे झालं ते समद्या मालाला झालं. मालाचं सोताचं असं काही नसतं."

"म्हणजे खात्यासारखंच," जगन्नाथपंत पुटपुटले.

साहेबांना यातले एकच कळले, की निवड करावी लागणार. त्यांनी हुकूम दिला : तऱ्हेतऱ्हेचे पृष्ठभाग एकेक करून कडूबाच्या छातीवर लावावेत, आणि काय होते ते पाहावे.

पहिला बिल्ला आरशासारखा आला. असा चकचकीत की कडूबा दारात उभा राहिला की कचेरीत दुसरी खिडकी उघडल्यासारखे वाटे. पहिल्याच सकाळी अर्ज घेऊन आलेल्या मंडळींनी त्याच्यापुढे रांग लावली.

"अर्ज आत द्या की," कडूबा म्हणाला.

"थांब जरा, हलू नको," रांगेतला पहिला म्हणाला, आणि त्याने खिशातून फणी काढून भांग पाडला. फणी भुजंगाचीच होती.

दुपारपर्यंत बायका येऊन कुंकू नीट करू लागल्या. संध्याकाळी कडूबाची बायको चतुराबाई कचेरीत आली आणि तिने तोंडी तक्रार नोंदवली. ती इतकी तोंडी होती की लेखी घेण्याचे धाडस कोणाला झाले नाही. दुसऱ्या दिवशी छपरातली एक चिमणी खाली उतरली, बिल्ल्यात तिला दुसरी चिमणी दिसली, आणि मग ती दिवसभर कडूबाच्या छातीवर चोची मारीत राहिली. कडूबा शिस्तीचा माणूस. साहेबांच्या दारात हात हलवायचा नसतो म्हणून त्याने ते सोसले.

पण निर्णायक गोष्ट तिसऱ्या दिवशी घडली. साहेब "पाणी आण" म्हणायला वर पाहतात तो समोर, चपराशाच्या छातीवर, ते स्वतःच. स्वतःला पाणी आणायला सांगितल्याची भावना काही चांगली नसते. त्यातून मिशीला काहीतरी लागल्याचे दिसले म्हणून ते नीट पाहायला पुढे वाकले, आणि त्याच क्षणी जगन्नाथपंत मिसल घेऊन आत आले. प्रमुख अधिकारी चपराशापुढे कमरेत वाकलेले! पंतांनी मिसल तोंडावर धरली आणि ते उलट्या पावली बाहेर गेले.

चकचकीत पृष्ठभाग शिस्तीस बाधक ठरला.

दुसरा बिल्ला खरखरीत. भुजंगाने साच्यावर जाड काचकागद फिरवला होता. त्यात काही दिसत नव्हते, चिमणीने ढुंकून पाहिले नाही, चतुराबाईने तक्रार मागे घेतली. मात्र त्या खरखरीत अंगावर रस्त्याची काळी माती जी बसली ती उठेना. दोन दिवसांत साहेबांनी कडूबाला लेखी विचारले : बिल्ला अस्वच्छ का?

"अस्वच्छ न्हाई सरकार, त्यो तसाच हाय."

"'तसाच आहे' हा खुलासा समाधानकारक नाही," पंत म्हणाले.

कडूबा घाबरला. त्याने घरी जाऊन चिंच आणि राख घेतली आणि नेहमीप्रमाणे बिल्ला घासला. सकाळी पाहतात तो उजवीकडची बाजू घासून गुळगुळीत झालेली, डावीकडची जशीच्या तशी. कारण कडूबाचा हात नेहमी उजवीकडेच जोर करी. जगन्नाथपंतांनी बारकाईने पाहून शेरा मारला : अर्धा बिल्ला शिस्तीस बाधक, उरलेला अस्वच्छ. एकाच वस्तूत दोन्ही दोष इतक्या सुबकपणे एकत्र आलेले खात्याच्या इतिहासात नव्हते.

तिसऱ्या बिल्ल्यावर भुजंगाची फार मदार होती. त्याने साच्यावर तेजाबाने नक्षी उठवली आणि बिल्ला असा काढला की हुबेहूब मगरीचे कातडे. कडूबाने तो लावला आणि त्याच्या चालण्यात फरक पडला. तो जरा तिरका चालू लागला. तिकडे साहेब आले. त्यांच्या हातातली पिशवी साध्या किंतानाची होती. साहेबांनी एकदा कडूबाच्या छातीकडे पाहिले, एकदा आपल्या हाताकडे पाहिले. कडूबाने बिल्ला आपणहून काढून ठेवला. शेरा लिहावाही लागला नाही.

एव्हाना पोळा होऊन गेला होता, गणपती होऊन गेले होते, आणि वाटूरचा निरोप आता आठवड्यातून दोनदा येत होता.

भुजंग हात जोडून म्हणाला, "साहेब, तुमीच सांगा कसा पाहिजे. दिवाळी जवळ आली."

दिवाळीचा आणि पृष्ठभागाचा संबंध साहेबांना कळला नाही. पण आता न सांगून भागण्यासारखे नव्हते. ते छताकडे पाहत म्हणाले, "मध्यम. चमकला पाहिजे, पण दिसता कामा नये. खरखरीत असला पाहिजे, पण तसं वाटता कामा नये."

भुजंगाने घरी येऊन हे शब्द जसेच्या तसे उषाबाईला सांगितले आणि कपाळावर हात मारला.

उषाबाई भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उतरवून त्याच्यापुढे धरली. "अहो, ह्यो वरचा पापुद्रा पाहा. चमकतो का? न्हाई. टोचतो का? न्हाई. तसं म्हणून राह्यले साहेब. उगं शब्दाला घाबरायलेत तुमी."

भुजंगाने भाकरी यंत्राशेजारी ठेवली आणि तिच्याकडे पाहत दोन दिवस साचा घासला. साचा असा उतरला की त्याला स्वतःलाच त्यावर तूप घालावेसे वाटले. योगायोगाने दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची, अवजारांची पूजा. उषाबाईने पाटावर कापड घातले, साचा उघडून त्यावर मांडला, झेंडूचा हार घातला, आणि साहेबांना बोलावले. सरकारी काम, तेव्हा पहिले कुंकू सरकारी हाताने लागावे, असा तिचा हिशेब.

साहेब आले, जगन्नाथपंत आले. उषाबाईने कुंकवाची कोयरी पुढे केली. कुंकू घरचे होते. हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार घालून तिने स्वतः केलेले. वरून पाण्याचा एक थेंब घातला. आता कुंकू लावायचे तर कोणीही मनुष्य करंगळीशेजारचे बोट बुडवील. परंतु साहेबांची उभी हयात अडाणी लोकांचे अंगठे उठवून घेण्यात गेली होती. ओले लाल काही समोर आले की अंगठाच पुढे करायचा, एवढेच त्यांना ठाऊक. त्यांनी आपला उजवा अंगठा कोयरीत बुडवला आणि साच्याच्या बरोबर मधोमध, उठवून घेताना दाबतात तसा, डावीउजवीकडे लोळवून दाबला.

साहेब गेल्यावर भुजंग फडके घेऊन पुढे झाला.

"काय करायलात?" उषाबाईने त्याचा हात धरला. "साहेबांनी लावलेलं कुंकू, अन् तेबी सणाचं! पुसायचं नसतं. आपोआप झडू द्या."

कुंकू कोजागिरीला झडले.

भुजंगाने यंत्र तापवले, दांडा ओढला, साचा उघडला, पहिला बिल्ला हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. लिंबाने, घामाने आणि पाण्याने आपले काम चोख केले होते. भाकरीच्या पापुद्र्यासारख्या त्या पृष्ठभागाच्या मधोमध साहेबांचा अंगठा उमटला होता. एकेक रेष, एकेक वळसा. साच्यावर जे झाले ते मालावर झाले होते.

"बरं झालं, तयारच हाय," दारातून कडूबा म्हणाला आणि त्याने बिल्ला उचलला. "साहेब जल्दी मागून राह्यलेत."

"अरे त्यो खराब हाय!"

"चांगला का खराब ते साहेब ठरवतील," कडूबा म्हणाला. "तुमी आमी ठरवायला लागलो तर कचेरी कशाला पाहिजे?" आणि तो गेला.

भुजंग मागोमाग पोचेपर्यंत साहेब खिडकीशी उभे राहून बिल्ला उजेडात फिरवीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच एक मत होते.

"पंत, ही नक्षी पाहा. किती नाजूक! चमकते, पण दिसत नाही. बोटाला लागते, पण तसं वाटत नाही. जणू आपलीच काही ओळखीची वस्तू."

"मध्यम, सूक्ष्म वर्तुळाकार नक्षीसह," पंतांनी लिहून घेतले. "योग्य."

भुजंगाने तोंड उघडले, आणि मिटले. मंजूर झाले होते! नमुना लाखेने बंद करून कपाटात गेला. भुजंग घरी गेला तो नाचतच. आणि इथे त्याच्या हातून प्रामाणिक माणसाच्या हातून होते तशी चूक झाली. त्याला वाटले, नमुना निभावला, पण सगळा माल कशाला डागी द्यायचा? त्याने साचा पुन्हा घासला, अंगठा काढून टाकला, आणि सगळे बिल्ले स्वच्छ, निर्मळ, एकावर एक ठेवावेत असे काढून कचेरीत नेले.

जगन्नाथपंतांनी कपाटातून नमुना काढला, लाख फोडली, भिंग घेतले. एक बिल्ला पाहिला. दुसरा पाहिला. भिंग खाली ठेवले.

"नक्षी कुठाय?"

"ती नक्षी न्हवती पंत, चूक होती. मी काढली."

"काढली?" पंतांचा आवाज चिरकला. "मंजूर झालेली चूक तुम्ही परस्पर काढली? भुजंगराव, चूक होते तोपर्यंत ती तुमची. मंजूर झाली की ती सरकारची. माल नामंजूर. दिवाळीच्या आत नमुन्याबरहुकूम आणा, नाहीतर काम रद्द."

भुजंग शेडमध्ये परतला तेव्हा दारात बैलगाडी सोडलेली होती. धर्मराज आला होता. गाडीला तांबडा बैल होता. बैलाने भुजंगाला ओळखले आणि शिंगे हलवली.

"आठ दिस आधीच आलो," धर्मराज म्हणाला. "म्हन्लं सामान बांधायला मदत होईल."

"दादा, काम मिळालंय! फकस्त एक आंगठा कमी पडून राह्यला."

धर्मराजाने उषाबाईकडे पाहिले. उषाबाईने मान हलवली. म्हणजे, डोके ठीक आहे, गोष्टच तशी आहे.

अंगठाच हवा ना, मग आपला काय वाईट? भुजंगाने कुंकू घेतले, लिंबू पिळले, आणि स्वतःचा अंगठा साच्यावर दाबला. रात्रभर ठेवले. सकाळी बिल्ला काढला तर एक पुसट गोळा. तापलेल्या साच्याला हात लावून लावून भुजंगाच्या बोटांवर रेष म्हणून उरली नव्हती. साचा घासून पुन्हा कोरा केला आणि उषाबाईचा अंगठा घेतला. भाकऱ्या आणि राखेची भांडी यांनी तो असा झाला होता की बिल्ला थेट दुसऱ्या नमुन्यासारखा खरखरीत आला. कडूबा सहज डोकावला होता, त्यालाही सोडले नाही. आयुष्यभर पितळ घासलेला अंगठा तो. त्याची जागा बिल्ल्यावर आरशासारखी उमटली. शेडमधली चिमणी तत्काळ खाली उतरली आणि तिने भांडण सुरू केले.

"घे बाबा, माझाबी घे," धर्मराज म्हणाला. "मंग गाडी जुंपू."

धर्मराजाचा अंगठा वखराच्या मुठीवर, रुमण्यावर तयार झालेला. बिल्ला बाहेर आला तो हुबेहूब मगर.

चौघेही आपापल्या अंगठ्यांकडे पाहत बसले. नामंजूर झालेले सगळे पृष्ठभाग त्यांच्याच हाताला होते. भुजंगाने उगाच काचकागद आणि तेजाब खर्ची घातले होते.

शेवटी उषाबाई म्हणाली, "असा माणूस पाहिजे, ज्याचा आंगठा कशालाच झिजला न्हाई."

कोणी नाव घेतले नाही. पण चौघांच्या माना एकाच वेळी कचेरीच्या दिशेला वळल्या.

उषाबाई डोक्यावर पदर घेऊन स्वतः साहेबांकडे गेली. "साहेब, मशीन रुसली. म्हन्ती, ज्यांनी पहिलं कुंकू लावलं त्यांचाच हात पाहिजे. दुसऱ्या कुणाला ऐकंना."

यंत्राने आपला हात ओळखावा, याचे साहेबांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. उशीर झाला याचेच थोडे वाटले. ते लगेच आले. कोयरी पुढे आली, साहेबांनी अंगठा पुढे केला, आणि जगन्नाथपंत हळूच म्हणाले, "साहेब, कुंकू लावायचं ते करंगळीशेजारच्या बोटानं. मागच्या खेपेस मला बोलता आलं नाही."

साहेबांचा अंगठा हवेत थांबला. दारात तांबड्या बैलाने खूर आपटला.

"तसं न्हाई पंत," उषाबाई म्हणाली. "आमच्या वाटूरकडं बाईमाणसाला बोटानं लावतेत अन् यंत्राला आंगठ्यानं. न्हाईतर यंत्र सोताला बाई समजतं, मंग सैपाकाबिगर दुसरं काम करंना."

"लोकरूढीचा मान राखला पाहिजे," साहेब गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी अंगठा दाबला. पहिल्यासारखाच, डावीउजवीकडे लोळवून.

धनत्रयोदशीच्या सकाळी माल कचेरीत आला. सोबत धर्मराजही आला, हातात चाबूक. निकाल ऐकायचा आणि निघायचे अशा बेताने. पंतांनी नमुना काढला, भिंग लावले, आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "रेषेस रेष. साहेब, सहीला हरकत नाही." साहेबांनी टाक दौतीत बुडवला.

धर्मराजाने कुतूहलाने एक बिल्ला उचलून डोळ्याजवळ नेला.

"अरे भुज्या!" तो ओरडला. त्याला हळू बोलण्याची सवय नव्हती, शेतात त्याचा उपयोग नसतो. "ह्यो तर आंगठा हाय की! साहेबाचाच बसवला व्हय तुमी!"

कचेरीत शांतता पसरली. ती नेहमीचीच होती, पण आज ऐकू आली. साहेबांच्या डोक्यावर भिंतीला प्रौढ शिक्षणाची पाटी होती : 'अंगठा लाजिरवाणा, सही शोभिवंत.' आणि खाली ढीगभर बिल्ले, प्रत्येकावर साहेबांचा अंगठा. भुजंगाच्या डोळ्यांपुढे तांबडा बैल उभा राहिला. अर्थात तो खरोखरही खिडकीतून आत पाहत होता.

साहेबांनी टाक ठेवला. एक बिल्ला घेतला. आपला उजवा अंगठा त्यावर टेकवला. जरा फिरवला. तो चावी कुलपात बसावी तसा बसला.

"बराबर बसतो," कडूबा नकळत बोलून गेला.

"साहेब," पंत घाईने म्हणाले, "पृष्ठभाग मंजूर आहे. मंजूर झाल्यावर तो कोणाचा आहे, हा प्रश्न उद्भवत नाही."

साहेबांचे तिकडे लक्ष नव्हते. ते बिल्ल्याकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत होता. "इतका स्वच्छ उठतो? आमचा?"

भुजंगाला संधी दिसली, आणि गंमत म्हणजे खोटे बोलावे लागले नाही. "साहेब, सोताचा घेऊन पाह्यला. घरच्या माणसांचा घेतला, तुमच्या कचेरीच्या माणसाचाबी घेतला. एकबी असा न्हाई निघाला. असं काम दुसऱ्या कुणाच्या हातानं होणंच न्हाई."

साहेबांनी सही केली. रोजच्यापेक्षा जरा मोठी.

बाहेर आल्यावर धर्मराज पुष्कळ वेळ आपल्या अंगठ्याकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "जुबान दिल्ती, मोडणार न्हाई. राहा इथंच. पण एक बिल्ला दे, बैलाच्या कपाळाला बांधतो. एवढ्या लांबून आलाय बिचारा." भुजंगाने बिल्ला दिला. जालन्याची ती खेप त्या बैलाची शेवटची मेहनत ठरली. वाटूरमध्ये पोचल्यापासून त्याला वखराला जुंपायची कोणाची छाती होईना. सरकारी बैल म्हणून तो गावभर कोणाच्याही शेतात चरत हिंडू लागला, आणि त्याला हाकलण्याआधी लोक नमस्कार करू लागले.

पुढचे सगळे रीतीप्रमाणे झाले. नमुना मुंबईस गेला. तिथल्या चपराशांवर लावून पाहण्यात आला. वरून विचारणा आली नाही, तेव्हा तो पृष्ठभाग योग्य होता हे सिद्ध झाले, आणि तोच सर्व कचेऱ्यांना लागू करण्यात आला. भुजंगाला इतके काम मिळाले की त्याने दुसरे यंत्र घेतले. उषाबाईने कुंकवाचे प्रमाण कोणालाही सांगितले नाही.

फक्त एक अडचण राहिली. साचा कधीतरी झिजणार, मग मूळ नक्षी पुन्हा लागणार. ती जेथे आहे ती जागा सुरक्षित राहावी म्हणून खास हुकूम निघाला : श्री. अंबडकर यांच्या उजव्या हाताला यापुढे कोणतेही काम देऊ नये. हुकमाची तातडीने अंमलबजावणी झाली. कचेरीच्या कामकाजात काहीही फरक पडला नाही.

आता हे वाचता वाचता आपण आपला उजवा अंगठा उजेडाकडे धरून पाहिलाच असेल. संकोच करू नका, सगळेच पाहतात. रेषा पुसट झाल्या असतील, कुठे चिरा, कुठे घट्टा असेल, तर पुस्तक खाली ठेवा. तुमची कामे खोळंबली असतील. आणि साफ, ठळक, एकेक वळसा मोजून घ्यावा अशा दिसत असतील, तर अभिनंदन. आपला पृष्ठभाग योग्य तो आहे.